कोंबडीचं अस्तर

कोंबडीला दात नसतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण मग ती चावते कुठं, हा प्रश्न काही मला चाळिशी उलटेपर्यंत पडला नाही. आणि पडायचं तरी काय कारण? आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. माहेर सायखेड्याकडचं. तिथं नदीवर लोक मासे धरायचे आणि आम्ही पोरी नाकाला ओढणी लावून लांबून जायचो. सासरीही तीच तऱ्हा. कोंबडी म्हणजे दुसऱ्याच्या दारात फिरणारी, आपल्या दारात आली की हाकलायची, एवढाच माझा तिच्याशी संबंध. त्या मी एका कोंबडीच्या पोटात हात घातला, तोही दोनदा. ते कसं झालं ते सांगते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. अंबडच्या कारखान्यांच्या अलीकडे नवीन वसाहत होत होती, तिथं आमचं दोन खोल्यांचं घर. आमचे हे एका कारखान्यात लेथवर होते. मी घरी ब्लाउज शिवायची. शिवणाचा क्लास वगैरे मी केलेला नाही. जुना ब्लाउज घ्यायचा, उसवायचा, तुकडे फरशीवर मांडून कुठला कुठं बसला होता ते बघायचं आणि परत जोडायचा. असे चार-पाच ब्लाउज वाया घालवले, त्यातले दोन सासूबाईंचे. पण उसवल्याशिवाय शिवलेलं कळत नाही, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे.

घराच्या मागं एक प्लॉट होता, त्यावर अर्धवट बांधकाम. विटा, सळया राखायला तिथं पत्र्याच्या खोलीत एक जोडपं राहायचं, पेठकडचं. नवरा सेंट्रिंगच्या कामाला जायचा, ती मिळेल त्या कामाला. तिशीची असेल. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. आमच्या दोघींच्या मधे कमरेएवढी भिंत. ती भिंतीवरून नागलीचं पीठ द्यायची, मी तिला ब्लाउज शिवून द्यायची. मला ताई म्हणायची.

तिची एक कोंबडी होती. काळीभोर, आणि मान बोडकी. मानेपासून खाली छातीपर्यंत एक पीस नाही, नुसती लाल कातडी. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी विचारलं, "अगं, हिची पिसं कुणी उपटली?"

"कोणी नाय उपटली ताई. ही जातच तशी. आईकडं समद्या अशाच. तुमी काय समजलात, गरिबाची कोंबडी म्हणून अर्धी उघडी?"

मी ओशाळले. ती मात्र खूप दिवस हे सांगून हसायची.

त्या पावसाळ्यात तिच्या आईच्या गावाला मानमोडी आली. कोंबड्यांचा रोग. माना वाकड्या करून पडतात आणि चार दिवसांत खुराडं रिकामं होतं. आईकडं एकही उरली नाही. म्हातारी एकटी राहणारी, पेठच्याही पुढं डोंगरात. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या दारात कोंबडी नव्हती. तिकडून निरोप आला की दुसऱ्या कुणाच्या कोंबड्या नकोत, माझ्याच पाहिजेत, बोडक्या मानेच्या. आणि त्यातली जगात एकच उरलेली होती, ती आमच्या मागच्या भिंतीवर बसलेली असायची. दिवाळीला जाताना कोंबडी आईला नेऊन द्यायची, असं तिनं ठरवलं. तोवर तिला जपायचं. कामावर जाताना मला सांगून जायची, "ताई, मांजराकडं ध्यान ठेवा हां."

मी मांजराकडं ध्यान ठेवलं. मांजरानं काहीच केलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी दिवे लागायच्या वेळेला तिनं मला मागच्या दारी हाक मारली. कोंबडी काखेत धरलेली.

"हिची पिशवी बघा. दगड झालीय."

कसली पिशवी, ते मला कळेना. तिनं माझा हात ओढला आणि कोंबडीच्या मानेखाली, छातीच्या उजव्या अंगाला टेकवला. मी हात मागं घेतला. ते अंग इतकं गरम होतं की मी म्हणाले, "अगं, हिला ताप आहे." ती म्हणाली, "कोंबडीचं आंग असंच असतं, तिला काय ताप नाय. परत लावा हात." मग मी लावला. आत चेंडूएवढं काहीतरी, घट्ट मळून ठेवलेल्या कणकेसारखं. बोडकी कातडी ताणून चकाकत होती. ती म्हणाली, दाणा आधी इथं साठतो आणि मग पोटात जातो. म्हणजे कोंबडीच्या गळ्यात ही अशी पिशवी असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आणि मग मला राहवेना. साठतो म्हणजे किती वेळ? भिजतो का? चावायचं कुणी करायचं?

ती म्हणाली, "मला काय म्हाईत. मी काय आत जाऊन आले?"

घरात येऊन मी यांना विचारलं. हे चहा पीत होते. आधी माझ्या हाताकडं बघितलं.

"घरात अंडं आणू देत नाहीस, आणि कोंबडीला हात लावून आलीस?"

"सांगा ना. दात नाहीत तर दळतं कुठं?"

मग यांनी कप खाली ठेवला. यंत्रासारखं काही निघालं की यांना राहवत नाही. "ती खडे खाते ना? मग आत कुठंतरी चक्की असणार. खडे आणि दाणे एकत्र फिरले की पीठ. वरची पिशवी म्हणजे हॉपर. आमच्याकडे माल वरून टाकतात ना, तसं. हॉपर जाम झाला की खाली चक्की रिकामीच फिरते."

हे यांनी अंदाजानं सांगितलं होतं, पण बरोबर निघालं. त्याचा त्यांना पुढं बरेच दिवस अभिमान होता.

दुसऱ्या दिवशी तिनं कामाचा खाडा केला आणि आम्ही दोघी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. माझ्या कापडाच्या पिशवीत कोंबडी, बाहेर फक्त ती लाल मान. बसमध्ये सगळ्या बायका आमच्याकडं बघत होत्या. एकीनं विचारलं, "कितीला घेतली?" शेजारीण म्हणाली, "विकायची नाय, आजारी हाय." ती बाई उठून पुढच्या सीटवर गेली.

दवाखान्यात दोन म्हशी, एक शेळी आणि आम्ही. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "एका कोंबडीसाठी दवाखान्यात आलेलं मी पहिल्यांदाच बघतोय." पण चांगले होते. कोंबडी हातात घेऊन पिशवी चाचपली आणि विचारलं, "हे तुम्ही कधी बघितलं?"

"काल संध्याकाळी."

"संध्याकाळी तर ती भरलेलीच असणार मावशी. दिवसभर खाल्लेलं इथं साठतं आणि रात्रीतून हळूहळू खाली उतरतं. बघायचं ते सकाळी, दाणा टाकायच्या आधी. सकाळी सपाट लागली की कोंबडी ठणठणीत. सकाळीही घट्ट लागली तर आत काहीतरी अडकलंय."

"आणि घट्ट नाही, मऊ लागली तर?"

"मऊ, पाणी भरल्यासारखी, आणि चोचीला आंबूस वास, तर आतलं आंबलंय. तो वेगळा आजार."

"खाली उतरतं ते कशानं? ती तर बसलेली असते."

"पिशवी आपली आपण आवळते, सैल होते."

"मग आता का आवळत नाही?"

डॉक्टर हसले. "परीक्षेला बसणार आहात का?" पण त्यांनी केसपेपरच्या मागं चित्र काढून दाखवलं. नळी, पिशवी, परत नळी, मग पोट, मग यांची ती चक्की. तो कागद पुढं कित्येक वर्षं माझ्या मशीनच्या खणात होता.

तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, कोंबडीनं काही खाल्लं नव्हतं, आणि पिशवी घट्टच होती. म्हणजे अडकलेलंच. त्यांनी सांगितलं, दोन दिवस दाणा बंद. ड्रॉपरनं थोडं थोडं गोडेतेल आणि कोमट पाणी. मग बोटांनी पिशवी हलके चोळायची, कणीक मळतो तशी पण फार हळू. उलटी धरून ओकवायला जाऊ नका, पाणी श्वासात गेलं तर जागेवर मरेल. आणि दोन दिवसांत मोकळी नाही झाली तर घेऊन या, मी कापतो. "छोटं काम आहे. कातडी आणि तिच्याखाली पिशवी, दोन थर असतात. कापायचं, आतलं काढायचं, शिवायचं."

दोन थर. ते माझ्या डोक्यात बसलं.

शेजारणीला परत खाडा परवडत नव्हता, म्हणून ती कामावर गेली आणि कोंबडी माझ्याकडं. मागच्या अंगणात उलट्या पाटीखाली. एक ब्लाउज झाला की उठायचं, तेल पाजायचं, चोळायचं, हात धुवायचे, परत मशीनवर. खरं सांगते, त्या दोन दिवसांत मला त्या कोंबडीची चटक लागली. चोळताना ती डोळे मिटायची. तिच्या डोळ्याला खालची पापणी वर येते, आपल्यासारखी वरची खाली नाही. हेही मला माहीत नव्हतं. मी तिच्याशी बोलायची. हे कामावरून आले की आधी विचारायचे, "हॉपर काय म्हणतोय?"

हॉपर तसाच होता. उलट तिसऱ्या दिवशी सकाळी कोंबडी मान आत घेऊन बसलेली, तुरा फिका पडलेला, पाणी दाखवलं तर बघेना. आम्ही परत दवाखाना गाठला. डॉक्टर नव्हते. गावांना लसीकरण चाललं होतं, तिकडं गेले होते. शिपाई म्हणाला, चार दिवसांनी या.

"चार दिवसांनी हिला घेऊन यायचं का हिची पिसं?" शेजारीण म्हणाली. शिपायानं खांदे उडवले. त्याचं तरी काय चुकलं म्हणा.

परतताना बसमधून घराजवळ उतरल्यावर ती म्हणाली, "आईनं एकदा कापलेली बघितलीय मी. लहान होते. ब्लेडनं कापली, आतलं काढलं, सुईनं शिवली. जगली."

"मग तू कर."

"माझा हात फावड्याचा. तुमचा हात बारीक हाय. तुमी करा."

"अगं, मी आयुष्यात कोंबडीला हात लावला नव्हता."

"तीन दिस झाले, मांडीवरून खाली ठेवलेली नाय, आणि म्हणे हात लावला नव्हता."

मी नाही म्हणाले. मग घरी आले, तो चित्राचा कागद काढून बघितला आणि अर्ध्या तासानं भिंतीपाशी जाऊन तिला सांगितलं, पाणी उकळायला ठेव. ते कोंबडीच्या दयेनं होतं की आत काय आहे ते बघायच्या ओढीनं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

भर दुपारी, मागच्या अंगणात. नवीन ब्लेड, उकळलेली सुई, रेशमी धागा, मीठ घातलेलं कोमट पाणी, हळद, आणि काजाची बारीक कात्री. कोंबडीला जुन्या परकरात गुंडाळून तिनं मांडीवर घट्ट धरली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"बघ ना इकडं, मला सांग बरोबर चाललंय का."

"नाय बघवत."

"कोंबड्या कापतेस तेव्हा?"

"ते मारायला कापते. हे जित्ती ठेवायला कापायचं हाय."

मी कातडीवर ब्लेड ओढलं, अंगठ्याच्या नखाएवढंच. वाटलं होतं त्यापेक्षा रक्त फार कमी. कोंबडी एकदा अंग चोरून थरथरली आणि मग थांबली. कातडीच्या खाली खरंच दुसरा थर होता, ओल्या बटर पेपरसारखा, बारीक लाल रेघा असलेला. त्या रेघा चुकवून तिथंही एक छेद दिला. आणि वास आला. तो सांगत नाही.

आधी गवत निघालं. मग ज्वारी, फुगलेली. मग गवताला गुंतलेलं काहीतरी, ओढलं तर येईना. मी कात्रीच्या टोकानं धरून हळूहळू ओढत गेले आणि ते येतच राहिलं. मिठाच्या पाण्यात टाकलं तशी घाण सुटली आणि रंग दिसायला लागले. राणी. मोरपंखी. रामा. नवरात्रातल्या ऑर्डरींचा तो केशरी.

माझे धागे होते. रोज संध्याकाळी घरातला, मशीनखालचा केर काढून मी मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात टाकायची. कातरणं, धाग्यांची टोकं, उसवलेल्या शिलाया. कोंबडी तिथं उकरायची ते मी रोज बघायची. नवरात्रात काम दुप्पट, धागे दुप्पट. त्यातला एकेक मला ओळखता येत होता, कुठला कुणाच्या बाहीचा तेसुद्धा.

"काय निघालं ताई?" तिनं भिंतीकडं तोंड ठेवूनच विचारलं.

"गवत," मी म्हणाले. आणि तो गोळा फडक्यात गुंडाळून पायाखाली घेतला.

का, तर भीती. तिच्या आईची शेवटची कोंबडी माझ्या केरानं मरणार होती, आणि आता मरू नये म्हणून शेजारीण माझ्याच हातावर विसंबून बसली होती. त्या क्षणाला मला ते सांगवलं नाही.

पिशवी मिठाच्या पाण्यानं धुतली. आता शिवायचं. डॉक्टरांचे शब्द आठवले, दोन थर. दोन थर म्हटल्यावर शिंपिणीच्या डोळ्यासमोर काय येणार? ब्लाउजचं कापड आणि ब्लाउजचं अस्तर. साध्या ब्लाउजला आम्ही काय करतो, अस्तर आणि कापड एकत्र धरतो आणि एकच शिलाई मारतो. घट्ट बसतं, सरकत नाही, वेळ वाचतो. मी तसंच केलं. कातडी आणि पिशवी दोन्ही सुईवर एकत्र घेतली आणि सहा बारीक टाके घातले. वरून हळद भरली. इतकी सुबक शिलाई झाली की मी शेजारणीला म्हटलं, आता तरी बघ. तिनं बघितलं आणि म्हणाली, "माझ्या ब्लाउजला पण एवढे बारीक टाके नाय घातले तुमी."

संध्याकाळी कोंबडी उठून उभी राहिली. पाणी प्यायली. मला इतका आनंद झाला की यांना मी जेवायला वाढायचं विसरले.

दोन दिवस बरे गेले. ताकात कालवलेला मऊ भात चमचा-चमचा. तिसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर टाक्यांपाशी ओलं. भाताचं पाणी बाहेर झिरपत होतं. आणि कोंबडी मान वर करायला गेली की थांबायची, तिरकी करून परत खाली घ्यायची. पुढं ओढल्यासारखं काहीतरी होत होतं. मी बोटानं कातडी सरकवून बघितली. आधी चोळायची तेव्हा ती कातडी पिशवीवरून छान सरकायची, साडीखाली परकर सरकतो तशी. आता सरकतच नव्हती. कातडी ओढली की पिशवी ओढली जायची, आणि पिशवी आवळली की टाके ताणायचे.

मी स्वतःवरच चिडले. कारण हे मला माहीत होतं. बाहीचं अस्तर बाहीला सगळीकडून पक्कं केलं तर बाईला हात वर करता येत नाही. करायला गेली की काखेत उसवतं. म्हणून चांगल्या ब्लाउजच्या बाहीचं अस्तर सुटं ठेवतात, आपलं आपण हलणारं. हे मी दहा वर्षांपूर्वी सासूबाईंचा ब्लाउज उसवून शिकले होते, आणि कोंबडीवर विसरले. तिला साधा ब्लाउज समजले.

म्हणजे परत उसवायचं होतं. आधी पिशवी एकटी शिवायची, मग तिच्यावर कातडी एकटी. पण त्याआधी शेजारणीला बोलवायचं होतं, कारण धरणार कोण? आणि तिला पुन्हा मांडीवर कोंबडी घेऊन बसवायचं आणि खोटं पोटात ठेवायचं, हे मला जमेना. ती कामावर निघाली होती, डोक्याला टॉवेल बांधलेला. मी भिंतीवर तो धाग्यांचा गोळा ठेवला. टाकून दिला नव्हता, फडक्यातच होता.

"हे निघालं होतं. गवत नव्हतं. माझ्या केरातले धागे आहेत. मी खोटं बोलले. आणि टाकेही चुकीचे घातलेत, परत उघडायला लागेल."

तिनं तो गोळा हातात घेतला. दोन बोटांनी एक धागा ओढून बघितला. मग म्हणाली, "हा माझ्या ब्लाउजचा."

खरंच होता. मोरपंखी.

"दसऱ्याच्या आदी हिच्या चोचीतून धागा लोंबत होता," ती म्हणाली. "मी वढला. येईना. मंग दातानं तोडला."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुमी केर दुसरीकडं टाकला असता. त्या केरात भाकरीचा चुरा असतो. मी रोज सकाळी तिला उचलून तुमच्या भिंतीवर ठेवते. माझा दाणा वाचतो." तिनं टॉवेल सोडला. "चला. ऊन चढायच्या आत करू. दोगींनी मिळून घोळ घातलाय."

या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही. मी टाके कापले, पिशवी कातडीपासून सोडवली, धुतली, आणि पिशवीच्या कडा आत दुमडून एकटी शिवली. मग थोडं पाणी पाजून बघितलं, गळतंय का. ही युक्ती तिची. पाण्याच्या पिशवीला भोक असलं तर भरूनच बघायचं, म्हणाली. एका टोकाला थेंब आला, तिथं आणखी एक टाका. मग वरून कातडी, वेगळी, जरा बाजूला, म्हणजे एक शिवण दुसऱ्या शिवणीवर यायला नको. बोटानं सरकवून बघितली. सरकली.

"बाही मोकळी झाली," मी म्हणाले. तिला काही कळलं नाही, पण मान डोलावली.

त्यानंतरच्या सकाळी मी कधी विसरणार नाही. उठल्या उठल्या तोंड न धुता मागं जायचं, पाटी उचलायची आणि पिशवीला हात लावायचा. पहिल्या दिवशी अर्धवट. दुसऱ्या दिवशी थोडी कमी. चौथ्या दिवशी हाताला काही लागेचना, नुसती सैल कातडी. मी तिला भिंतीवरून हाक मारली, तिनं येऊन हात लावला. मग हे आले. आमच्या यांनी, ज्यांनी जन्मात कोंबडीला हात लावलेला नाही, एक बोट लावलं आणि म्हणाले, "चालू झाली लाइन." आणि लगेच नळाखाली हात धुतले, साबणानं, दोनदा.

दहा दिवसांनी वरचे टाके काढले. आतले तसेच राहिले, ते काढायचे नसतात म्हणे. केर मी कागदाच्या पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत द्यायला लागले, आणि भाकरीचा चुरा वेगळा काढून भिंतीवर. दिवाळीला दोन दिवस उरले तेव्हा ती नवऱ्याबरोबर पेठच्या गाडीला गेली. कोंबडी टोपलीत, वर माझ्याकडचं जाळीचं कापड बांधलेलं. मी म्हणाले, "आईला खरं सांगशील ना, कशानं आजारी पडली ते?" ती म्हणाली, "सांगीन. पण आदी कोंबडी खाली ठेवीन, मंग सांगीन."

पंधरा-वीस दिवसांनी परत आली. मी तिला भिंतीपाशीच थांबवून विचारलं, आई काय म्हणाली.

"आईनं आदी पिशवी दाबली. मंग कातडी सरकवून टाक्यांचे वण चाचपले. विचारलं, कोणाचा हात हाय? मी म्हनलं, शेजारच्या ताईंचा, ब्लाउज शिवतात. आई म्हनली, टाका बारीक हाय, पण बाई शिकाऊ हाय. दोनदा उघडलीय."

म्हातारीनं नुसत्या बोटानं ओळखलं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी तिला विचारत बसले, कसं ओळखलं, कुठं हात लावला, एकदा उघडलेल्या आणि दोनदा उघडलेल्या वणांत काय फरक असतो.

उन्हाळ्यात ती माहेरी जाऊन आली तेव्हा बातमी आणली. कोंबडी खुडूक बसली होती, आईनं तिच्याखाली तिचीच अंडी ठेवली, सात पिल्लं निघाली. कोंबडा शेजारच्या वाडीतला, भरल्या पिसांचा. सातातली चार बोडक्या मानेची.

"आणि तीन?"

"तीन भरल्या मानेची. आई खुश हाय, चार म्हंजे लय झाली."

मला मात्र ते सोडवेना. आई तीच, अंडी तिचीच, एकाच पंखाखाली उबवलेली. मग चार अशी आणि तीन तशी, हे कोण ठरवतं? आणि नेमकी चारच का? मी तिला दोनदा विचारलं. ती डोक्यावर घमेलं घेऊन कामाला निघाली होती.

"ताई," ती म्हणाली, "ते कोंबड्याला विचारा. आणि त्याला कापून बघू नका."